शर्ली : मुलासाठी राखून ठेवलेलं नाव

मुलीचं नाव काय ठेवलं, हे बारशाला आलेली प्रत्येक बाई विचारते. ते कुणी ठेवलं आणि का ठेवलं, हे सहसा कुणी विचारत नाही. नावांची पुस्तकं आता घरोघरी असतात. प्रत्येक नावापुढे एका ओळीत अर्थ दिलेला असतो आणि तेवढ्यावर आपलं समाधान होतं. मला मात्र वाटतं, की नावाचा खरा अर्थ त्या एका ओळीत क्वचितच सापडतो. नाव देणाऱ्याच्या मनात काय होतं ते पाहावं लागतं आणि जिनं ते जन्मभर वागवलं तिनं त्याचं काय केलं, तेही पाहावं लागतं.

हे सांगण्यासाठी मी आज एक परकं नाव घेते आहे. नाव इंग्रजांचं आहे, पण आपल्याला अगदीच अनोळखी नाही. शर्ली.

वसईत, मुंबईत, गोव्यात ख्रिस्ती घरांमधून या नावाच्या बाया भेटतात. जुने इंग्रजी सिनेमे पाहिलेल्यांना कुरळ्या केसांची, नाचणारी-गाणारी छोटी शर्ली टेंपल आठवेल. आज हे नाव कानावर पडलं की डोळ्यांपुढे बाईच उभी राहते. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये तसं नव्हतं. शर्ली हे गावाचं नाव होतं, त्यावरून पडलेलं आडनाव होतं आणि क्वचित कुठे पुरुषाचं पहिलं नाव होतं. ते बाईचं नाव म्हणून रुळलं एका बाईनं लिहिलेल्या कादंबरीमुळे. त्या कादंबरीत नायिकेला हे नाव का मिळालं? आईबापांना मुलगा हवा होता म्हणून.

आधी शब्दाचं मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत 'शीर' म्हणजे उजळ, स्वच्छ. 'लेआह' म्हणजे रान, किंवा रानातली झाडं तोडून केलेली मोकळी जागा. दाट झाडीतून चालताना एकाएकी आभाळ दिसावं, ऊन अंगावर यावं, अशी जागा म्हणजे शर्ली. काही गावांच्या बाबतीत पहिल्या शब्दाचा अर्थ 'परगणा' असाही लावतात, कारण यॉर्कशायर, डर्बीशायर यांतला 'शायर' हा शब्दही जुन्या इंग्रजीत तसाच होता. शेवटचा 'ली' तर इंग्रजांच्या कितीतरी नावांत दिसतो. ॲशली म्हणजे ॲश नावाच्या झाडांचं रान, ब्रॅडली म्हणजे रुंद माळ, स्टॅनली म्हणजे दगडाळ माळ. आपल्याकडे वाडी, माळ, वन लागून गावांची नावं होतात, तसाच हा प्रकार.

शर्ली नावाची गावं इंग्लंडमध्ये एकाहून जास्त आहेत. डर्बीशायरमध्ये एक आहे, साउदॅम्प्टनला लागून एक आहे, क्रॉयडनजवळ आणि बर्मिंगहॅमजवळही आहे. डर्बीशायरच्या गावाची नोंद १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक'मध्ये सापडते. इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजानं कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती माणसं याची मोजदाद करून घेतली, ते हे बाड. पुढे त्या गावावरून एका जमीनदार घराण्यानं आडनाव घेतलं. आपल्याकडच्या 'कर' लागणाऱ्या आडनावांची जातकुळी हीच.

स्पेलिंगचं म्हणाल तर त्या काळी ते ठरलेलं नव्हतंच. सोळाव्या शतकाच्या शेवटी इराणच्या शाह अब्बासच्या दरबारी जाऊन पोचलेले अँथनी आणि रॉबर्ट हे भाऊ कागदोपत्री कधी 'आय' घालून शर्ली होतात, कधी 'ई' घालून. लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू येईल तसं तो लिही. स्पेलिंग असं बदलत राहिलं, पण एक गोष्ट बदलली नाही. आडनाव बापाकडून मुलाकडे जात होतं. घरातल्या मुलींचं ते लग्नापर्यंतचं. लग्न झालं की त्या दुसऱ्याच्या आडनावात जमा.

अशा या आडनावाला १८४९ साली वेगळं वळण लागलं. शार्लट ब्रॉन्टी या लेखिकेनं आपल्या नव्या कादंबरीला 'शर्ली' हे नाव दिलं.

या लेखिकेच्या स्वतःच्या नावाचीही एक हकीकत आहे आणि ती आपल्या विषयाला धरूनच आहे. तिचे वडील पॅट्रिक हे आयर्लंडमधल्या गरीब शेतकऱ्याचे पुत्र. घराण्याचं नाव ब्रंटी किंवा प्रंटी असं लिहिलं जाई. १८०२ साली ते केंब्रिजला शिकायला गेले आणि तिथे त्यांनी ते 'ब्रॉन्टी' करून घेतलं. हे सिसिलीतल्या एका गावाचं नाव. दर्यासारंग नेल्सनला त्या गावाची सरदारकी मिळाली होती. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ गडगडाट असा होतो. पुढे शेवटच्या 'ई'वर दोन टिंबं आली, म्हणजे वाचणाऱ्यानं ते अक्षर गिळू नये, त्याचा उच्चार करावा. एक हुशार, गरीब तरुण स्पेलिंग बदलतो आणि पाद्री होऊन प्रतिष्ठित समाजात वावरू लागतो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच घरातल्या मुलींनी पुस्तकं छापायला काढली, तेव्हा त्यांना मात्र आपलं नाव लपवावं लागलं.

शार्लटनं विशीत असताना आपल्या कविता राजकवी रॉबर्ट सदी यांच्याकडे पाठवल्या होत्या. १८३७ साली त्यांचं उत्तर आलं. साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊ नये, असा त्याचा मथितार्थ होता. १८४६ साली तिघी बहिणींचा कवितासंग्रह निघाला, त्यावर नावं होती करर बेल, एलिस बेल, ॲक्टन बेल. शार्लट, एमिली आणि ॲन या नावांची आद्याक्षरं तेवढी शिल्लक ठेवली होती. चार वर्षांनी शार्लटनं याचा खुलासा केला. उघडउघड पुरुषी नावं घेणं मनाला पटत नव्हतं आणि आपण बाया आहोत हे सांगायचीही इच्छा नव्हती, कारण लेखिकांकडे लोक पूर्वग्रहानं पाहतात, असं तिनं लिहिलं. म्हणून धड इकडची ना तिकडची अशी नावं निवडली. १८४७ साली 'जेन एअर' गाजली तीही करर बेलच्या नावावर आणि १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये 'शर्ली' आली तीही त्याच नावावर.

हे पुस्तक लिहीत असताना त्या घरावर काय कोसळत होतं ते पाहा. १८४८ च्या सप्टेंबरात भाऊ ब्रॅनवेल गेला. डिसेंबरात एमिली गेली. १८४९ च्या मे महिन्यात ॲन गेली. आठ-नऊ महिन्यांत घरातली तीन माणसं. शर्लीच्या व्यक्तिरेखेत आपल्या एमिलीला उभं करायचा शार्लटचा प्रयत्न होता, असं तिची चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल हिनं लिहून ठेवलं आहे.

आता कादंबरीतल्या नावाची गोष्ट. कीलडार नावाचं एक जुनं घराणं. नवराबायकोंना मुलगा हवा होता. लग्नाला आठ वर्षं झाली तरी दैवानं पदरात घातली ती एक मुलगीच. तेव्हा मुलगा झाला असता तर जे घराण्यातलं पुरुषी नाव ठेवायचं होतं, तेच त्यांनी मुलीला देऊन टाकलं. ब्रॉन्टीनं हे सगळं एखाद्या वाक्यात, आवाज न चढवता सांगितलं आहे. त्या वेळच्या वाचकांना त्यात वावगं काही वाटलं नसेल. वंशाचा दिवा हवा असणं ही यॉर्कशायरमध्येही जगरहाटीच होती.

मोठी झालेली शर्ली कीलडार कशी आहे? एकवीस वर्षांची, आईबाप नाहीत, भाऊ नाही, म्हणून जमीनजुमला तिच्या नावावर. १८११-१२ चा काळ. कापड गिरण्यांत नवी यंत्रं आली आहेत, हाताची कामं गेलेले मजूर यंत्रं फोडताहेत. तिच्या जमिनीवर एक गिरणी आहे, गिरणीवाला तिचं कूळ आहे. ती शीळ घालते, हिशेब बघते, गोरगरिबांच्या मदतीची योजना आखते. स्वतःला गमतीनं 'कॅप्टन कीलडार' म्हणवून घेते. आपलं नाव पुरुषाचं, आपली जागा पुरुषाची, तेव्हा आपल्याला मॅजिस्ट्रेट करायला हवं, असं ती हसत हसत म्हणते. पैशावर डोळा ठेवून मागणी घालणाऱ्याला सडेतोड सुनावते. वाचताना फार बरं वाटतं.

पण ते गमतीतच राहतं, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये बाईला मॅजिस्ट्रेट होता आलं ते १९१९ च्या कायद्यानंतर, म्हणजे कादंबरीतल्या काळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. मतदानाचा हक्क १९१८ साली आला, तोही तीस वर्षांवरच्या बायकांना आणि मालमत्तेच्या अटींसह. पुरुषांच्या बरोबरीनं आला १९२८ साली. लग्न झालेल्या बाईचं उत्पन्न आणि मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जात असे. त्याला बांध घालणारे कायदे झाले १८७० आणि १८८२ साली. म्हणजे शर्लीचं कॅप्टनपद लग्नापर्यंतचंच. ब्रॉन्टीनं ते लपवलेलं नाही. शेवटी शर्ली आपल्या पूर्वीच्या शिक्षकाशी लग्न ठरवते आणि कारभार हळूहळू त्याच्या हाती सोडून देते. आपण सूत्रं सोडली नसती तर तो सत्ता चालवायला शिकला नसता, असं पुढे तीच सांगते. पुरुषाचं नाव घेऊन वाढलेल्या मुलीनं अखेर काय केलं? एका पुरुषाला मालक व्हायला शिकवलं!

नावानं तिला मुलाची ऐट दिली. मुलाचा अधिकार दिला नाही.

लेखिकेच्या वाट्याला तरी काय आलं? एव्हाना करर बेल ही बाई आहे हे फुटलं होतं. १८५० च्या जानेवारीत जॉर्ज हेन्री लुईस या समीक्षकानं 'शर्ली'वर लेख लिहिला. लुईस तिचा चाहता होता, तिच्याशी पत्रव्यवहार करत होता. तरी लेखाची सुरुवात पुस्तकापासून न होता बायकांची बुद्धी पुरुषांच्या बरोबरीची असते का, या चर्चेपासून झाली. शार्लट फार दुखावली. शत्रूंपासून मी सावध राहीन, पण या मित्रांपासून देवानंच वाचवावं, अशा अर्थाची चिठ्ठी तिनं त्याला पाठवली. बाईची ओळख लपली होती तोवर पुस्तकाची परीक्षा झाली. ओळख कळली, मग बाईची परीक्षा सुरू झाली.

कादंबरी आली आणि त्यानंतर लोक मुलींचं नाव शर्ली ठेवू लागले. हे एका रात्रीत झालं नाही. १९०८ साली कॅनडातल्या ल्युसी मॉड माँटगोमेरी हिची 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' आली. तिच्या नायिकेचं आडनाव शर्ली. ही अनाथ मुलगी ज्या घरी येते तिथल्या म्हाताऱ्या भावाबहिणीनं शेतीकामाला मदत म्हणून मुलगा मागवलेला असतो. निरोपात घोटाळा होतो आणि मुलगी येऊन उभी राहते. म्हणजे इथेही शर्ली नावाशी तीच कहाणी जोडलेली, हवा होता मुलगा, आली मुलगी. ही ॲन आल्या आल्या एकच हट्ट धरते, की माझं नाव शेवटी 'ई' घालून लिहा. लोक हसतात. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. जिच्या मालकीचं जगात काही नाही, जिला परत पाठवायचा विचार चालला आहे, ती निदान आपल्या नावाचं स्पेलिंग आपल्याला हवं तसं मागते आहे. पुढच्या पुस्तकांत ॲनचं लग्न होतं आणि ती एका मुलाचं नाव शर्ली ठेवते. आईचं माहेरचं आडनाव असं मुलाच्या नावात टिकतं. शर्ली नावाचा मुलगा तेव्हाही कुणाला खटकत नव्हता, हेही त्यातून कळतं.

मग १९२८ साली कॅलिफोर्नियात शर्ली टेंपल जन्माला आली. तिला दोन थोरले भाऊ होते आणि आईला या खेपेला मुलगी हवी होती. नाव अमेरिकेत आधीच लोकप्रिय होत होतं, पण ती सिनेमात चमकल्यावर त्याला पूर आला. १९३५ आणि १९३६ या दोन्ही वर्षी अमेरिकेत जन्मलेल्या मुलींच्या नावांत मेरीच्या खालोखाल शर्लीचा नंबर होता. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कादंबरीतल्या शर्लीला हे नाव मिळालं ते मुलगा झाला नाही म्हणून. टेंपलबाईंनी ते ठेवलं हवी असलेली मुलगी झाली म्हणून. अक्षरं तीच, स्पेलिंग तेच. अर्थ मात्र उलटा झाला. कुठल्याही शब्दकोशात हा बदल नोंदवलेला नाही. रान आणि उजेड, तेवढंच तिथे आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. मुलींनी हे नाव घेतलं आणि मुलग्यांचं ते सुटलं. ज्यांच्यावर आधीच पडलं होतं त्यांची पंचाईत झाली. यॉर्कशायरमध्ये १९३० साली जन्मलेला शर्ली क्रॅबट्री नावाचा अगडबंब कुस्तीगीर पुढे टीव्हीवर 'बिग डॅडी' म्हणून गाजला. शर्ली पोविच हे 'वॉशिंग्टन पोस्ट'चे नामवंत क्रीडा पत्रकार. अमेरिकेतल्या नामवंत स्त्रियांच्या चरित्रकोशात त्यांचं नाव चुकून छापलं गेलं होतं. आपण हसतो, पण यामागचा नियम हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेस्ली, एव्हलिन, बेव्हर्ली, ॲशली ही सगळी एके काळी पुरुषांची नावं. १९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड' सिनेमात ॲशली नावाच्या पुरुषाचं काम लेस्ली हॉवर्ड नावाच्या नटानं केलं होतं. अमेरिकेत ही दोन्ही नावं पुढे मुलींची झाली. १९९१ आणि १९९२ साली तर ॲशली हे तिथल्या मुलींचं पहिल्या क्रमांकाचं नाव होतं. मुलींचं नाव मुलग्यांनी उचललं आणि ते मुलग्यांचं होऊन बसलं, असं उदाहरण शोधूनही सहजी सापडत नाही. मुलीला मुलाचं नाव दिलं तर ती वर चढली असं वाटतं. मुलाला मुलीचं नाव दिलं तर तो खाली आला असं वाटतं. म्हणून मुलींची पावलं एखाद्या नावाकडे वळली, की मुलग्यांचे आईबाप तिथून काढता पाय घेतात.

स्पेलिंगही याच कामाला जुंपलं जातं. ब्रिटनमध्ये लेस्ली पुरुष असेल तर शेवटी 'आय-ई' आणि बाई असेल तर 'ई-वाय', असा बरेचदा पाळला जाणारा संकेत आहे. फ्रान्सिसमध्ये 'आय' असला तर पुरुष, 'ई' असला तर बाई. उच्चारात फरक नाही. पण कागदावर तरी कुंपण हवं, दोघांत गल्लत होता कामा नये, याची केवढी काळजी!

हे सगळं वाचताना मला आपल्याकडचं एक वाक्य सारखं आठवत होतं. 'ही आमची मुलगी नाही, मुलगाच आहे.' किती कौतुकानं म्हणतात! मुलगी शिकली, नोकरीला लागली, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळू लागली, की हे प्रशस्तिपत्र हातात पडतं. पण 'हा आमचा मुलगा नाही, मुलगीच आहे' असं कौतुकानं म्हणताना कुणी ऐकलं आहे का? 'बायकी' ही मुलग्याला दिलेली शिवी असते. पुरुषी नाव, पुरुषी पोशाख, 'मुलासारखी' वाढवणूक हीच समता, असं आपल्याही काही मैत्रिणी मानतात. मला ते पटत नाही. मुलगी कर्तबगार निघाली तर तिला मुलगा म्हणायचं, याचा अर्थ मुलगी कर्तबगार असूच शकत नाही, हे गृहीत धरायचं.

मालमत्तेच्या हक्कावर एकदा आमचं शिबिर चाललं होतं. एक बाई उठून अभिमानानं म्हणाली, "ताई, आमच्या अण्णांनी मला कधी मुलगी मानलंच नाही. मी त्यांचा थोरला मुलगा. आजारपणात सगळं मीच केलं." मी विचारलं, "जमिनीचं काय झालं मग?" तेव्हा ती जरा गप्प झाली. म्हणाली, "ती भावांची. मी हक्कसोडपत्र करून दिलं ना." महाराष्ट्रात १९९४ साली आणि मग देशभर २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. म्हणजे शर्लीच्या काळी कायदाच आड येत होता, या बाईच्या वेळी कायदा तिच्या बाजूला होता. तरी तोंडानं 'मुलगा' म्हणवून घेतलेल्या लेकीचं नाव सातबाऱ्यावर राहिलं नाही.

आणि 'मुलगाच हवा होता' हे आपल्याकडे शर्लीसारखं सभ्य नाव देऊन झाकलंही जात नाही. साताऱ्याकडे मुलीवर मुलगी झाली की तिचं नावच 'नकोशी', 'नकुसा' ठेवलेलं आढळतं. हे नाव घेऊन ती शाळेत हजेरी देते, या नावानं तिला सासरी हाक मारतात. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलण्यात आली. काहींनी सिनेनटीचं नाव घेतलं, काहींनी सावित्रीसारखं जुनं नाव घेतलं. त्यातली मला मोलाची वाटते ती एकच गोष्ट. मुलींनी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. पण त्याच २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्यानं १९८८ साली केला, तोही बायकांच्या चळवळीनं रान उठवल्यावर. देशाचा कायदा १९९४ साली आला. कायदे होऊनही आकडा खाली गेला. ज्यांना नकोशी म्हणायलासुद्धा कुणी जन्माला येऊ दिलं नाही, त्यांचं नाव कोण बदलणार?

कुणी म्हणेल, काय बिघडलं? वाईट हेतूनं दिलेलं नावही पुढे चांगलं झालंच ना? शर्लीचं झालं. खरं आहे, झालं. पण ते आपोआप झालं नाही. मुलगी हवी असलेल्या आयांनी ते नाव आनंदानं ठेवलं, तेव्हा झालं. ते नाव घेऊन बाया बाहेर पडल्या, तेव्हा झालं. १९२४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्थलांतरितांच्या घरी एक काळी मुलगी जन्मली, शर्ली चिझम. १९६८ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेली ती पहिली काळी स्त्री. १९७२ साली तिनं डेमोक्रॅटिक पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा जाच आपल्याला जास्त झाला, असं ती सांगत असे. कादंबरीतल्या शर्लीला मॅजिस्ट्रेट व्हायचं होतं, ते गमतीत. या शर्लीनं देशाचं सर्वोच्च पद मागितलं, आणि बाई म्हणूनच मागितलं. तिला कॅप्टन म्हणवून घ्यावं लागलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलीचं नाव काहीही ठेवा. पुरुषाचं वाटणारं ठेवा, बाईचं वाटणारं ठेवा, परक्या भाषेतलं ठेवा, स्पेलिंग हवं तसं करा. फक्त ते तिच्यासाठी ठेवलेलं असू द्या, न आलेल्या भावासाठी राखून ठेवलेलं नको. 'मुलगाच आहे' हे कौतुक कानावर आलं, तर तिथल्या तिथे म्हणा, 'मुलगी आहे, आणि चांगली आहे.' आणि घरात तिचं नाव कशाकशावर आहे ते पाहा. रेशनकार्डावर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे. सातबाऱ्यावर आहे का? घराच्या कागदावर आहे का?

आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक करून बघा. प्रत्येकीनं आपलं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, लग्नात ते बदललं का, बदललं तर तिला विचारलं होतं का, एवढंच सांगायचं. आईला, आजीला विचारून या. जे निघेल ते लिहून आमच्याकडे जरूर पाठवा.